भावाचा खोकला आणि म्हातारीचा मोह
परवा शेजारी दार बसवताना सुतारानं साग कापला आणि त्या कडसर वासानं मला एकोणीसशे पन्नासनंतरच्या आलापल्लीत, आमच्या मागच्या पडवीत नेऊन बसवलं. तिथं थोरला भाऊ तेलाच्या इंजिनावर टेबलात बसवलेली गोल करवत चालवायचा. भुसा सगळा त्याच्या तोंडावर उडायचा आणि जेवताना खोकल्यानं घास गिळता यायचा नाही. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. करवतीखाली पत्र्याचा डबा ठोकला, इंजिनाच्या पट्ट्यावर पंखा जोडला आणि भुसा ओढणारी नळी कुडाबाहेर काढली. पडवी लख्ख झाली! भाऊ म्हणाला, "तुह्यं शिकनं कामी आलं गा!" दुपारी शेजारची म्हातारी सूप घेऊन दारात उभी. तिच्या अंगणात वाळत आलेल्या मोहफुलांवर भुशाचा पिवळा थर बसला होता. "काऊन गा बाबू, भावाचा खोकला माह्या मोहाले देऊन राह्यला का?" मी शरमेनं नळी उपटायला धावलो. तिनं थांबवलं. "आज खोकलला का तो?" "सकाळपासून नाई." "मंग राहू दे. नळीच्या तोंडाले गोणपाटाचा बोरा बांध. आन हे सूप धर, मोह तूच पाखड." बोरा बांधला आणि यंत्र खरं पुरं झालं. ते मीच बनवलं, असं नातवंडांना अजून सांगतो. त्या दिवशी भाऊ एकदाही खोकला नाही, हेही सांगतो. फक्त बोऱ्याची युक्ती म्हातारीची होती आणि मोह पाखडता पाखडता मी दिवेलागणीपर्यंत खोकत होतो, एवढं गाळतो.