पहिले दहा नग

आनंदनगरच्या कारखान्यात मी शिकाऊ सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसची लाइन एक काकी सांभाळायच्या. कुळगावच्या, सातवी शिकलेल्या. शिफ्ट सुरू झाली की त्या सहाही प्रेसवर आळीपाळीने बसायच्या, दहा नग मारायच्या आणि उठायच्या. तेवढा वेळ त्या प्रेसवरची बाई शेजारी नुसती उभी. मला वाटायचं, मशीन तपासत असतील. पण त्यासाठी मेंटेनन्सवाला होता की. मग हा काय प्रकार? कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी डिप्लोमावाला, यांना काय विचारायचं, असा माज होता.

गुडघ्यांमुळे काकींनी काम सोडलं आणि लाइन माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी ते दहा नग बंद केले. रोजचा अर्धा तास वाचला, मॅनेजर खूश. मी दिवसभर लाइनीवर फेऱ्या मारायचो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अशी माझी समजूत.

आमच्या प्रेसला दोन बटनं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. एके दिवशी तीन नंबरवरची बाई किंचाळली. धावत गेलो. तिच्या हातमोज्याचं टोक चपटं झालं होतं, बोट थोडक्यात वाचलं होतं. पाहतो तर डावं बटन चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोललो. ती थरथरत होती तरी थांबलो नाही, याची अजून लाज वाटते.

"चार दिवस बटन अडकतंय," ती म्हणाली. "नग कमी पडले की तुम्ही ओरडता."

"मग सांगायचं ना. मी इथेच तर असतो दिवसभर."

"असता हो. पण चालत असता."

बटन बदललं. बाकीच्या प्रेस पाहिल्या, कुठेच पट्टी नव्हती. तिचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. रविवारी काकींच्या घरी गेलो आणि विचारलं, दहा नगांत मशीन कशी काय तपासायचात?

काकी हसल्या. "मला मशीनमधलं काय कळतंय रे? बाई कामाला बसली की तिची मान खाली. तिचे दहा नग मी मारले की तेवढा वेळ ती मोकळी. मोकळं माणूस बोलतं. आणि माझी मान खाली, म्हणून तिला माझ्या तोंडाकडे बघत बोलावं लागत नाही."

एवढंच? एवढंच.

सोमवारी बसलो. एक नंबर, दोन नंबर, कुणी चकार शब्द काढला नाही. तीन नंबरवर पहिलाच नग मी वाकडा ठेवला. या प्रेसवर मी कधी बसलोच नव्हतो.

"सावकाश, साहेब," ती शेजारून म्हणाली. आठव्या नगाला आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "पाच नंबरवरपण पट्टी आहे. तुम्ही येताना दिसलात की ती काढते. तिला ओरडू नका."

उरलेले दोन नग तसेच टाकून मी उठलो आणि पाच नंबर बंद केली. तिथली बाई आता बोलणी खायची म्हणून मान खाली घालून उभी राहिली. राग आलाच होता मला. गिळला.

"कधीपासून अडकतंय, ताई?" मी विचारलं.