नागपुरात ठेवलेलं माझं मशीन

मलाजखंडच्या टाउनशिपमध्ये एकत्र वाढलेली आम्ही पोरं पुढे चहूकडे पांगलो. माझे वडील तांब्याच्या खाणीत इंजिनिअर होते. ते निवृत्त झाले, माझं लग्न होऊन मी बालाघाटला आले आणि इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले. जुन्या सोबत्यांचे फोटो एका जागी असावेत म्हणून मी एक वेबसाइट सुरू केली होती. एका फुकटच्या जागेवर ती बरी चालली होती. मग एक दिवस ती फुकट जागा देणारी कंपनीच बंद पडली आणि आमची स्नेहसंमेलनं, सहली, खाणीच्या कठड्याशी ओळीनं उभे राहून काढलेले फोटो, सगळं कुणाला न विचारता गेलं. तेव्हाच ठरवलं, आता साइट जिथे राहील ते मशीन, म्हणजे सर्व्हर, स्वतःचं.

सुटे भाग आणून मी ते घरीच जोडलं. पण बालाघाटात त्या वर्षांत वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. शिवाय फोनची लाइन इंटरनेटला लावली की घरचा फोन बंद. सासूबाईंच्या बहिणीनं लालबर्ऱ्याहून दोन दिवस फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी ती बसनं दारातच हजर झाली. "काहून वं, जिते हाय का सारे? फोन काहून नाई उचलत कोनी?" त्या दिवशी मशीन घराबाहेर काढायचं पक्कं झालं.

नागपुरात एक डेटा सेंटर निघालं होतं. महिन्याचं भाडं भरायचं, ते आपलं मशीन त्यांच्या थंडगार खोलीत ठेवून घेतात, वीज आणि इंटरनेट त्यांचं. वीज कधीच जात नाही, असं त्यांच्या माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं. माझे यजमान बैहरच्या तहसील कचेरीत नोकरीला. ते रजा काढून सोबत आले, कारण मशीन जड होतं. तिथला माणूस पहिल्या मिनिटापासून त्यांच्याशीच बोलत होता. "सर, तुमचा आयपी नंबर हा असेल. सर, पासवर्ड जपून ठेवा."

"मले काय सांगता? तिले सांगा," हे म्हणाले. "मी फक्त उचलून आनलं."

तो हसला आणि पुन्हा यांनाच सांगू लागला. मी तेव्हा मनावर घेतलं नाही. मशीन एकदाचं विजेच्या जाचातून सुटलं, याच आनंदात होते.

काही महिने छान गेले आणि एका सकाळी साइट उघडेना. दुपारपर्यंत भिलाईपासून दुबईपर्यंतच्या मैत्रिणींच्या तक्रारी आल्या. मी नागपूरला फोन केला.

"रीबूट केलंय मॅडम. लाइट लागलाय."

"लाइट लागलाय, पण साइट लागत नाहीये."

"आमच्याकडून नेटवर्क ओके आहे."

हेच संभाषण सकाळ-संध्याकाळ होऊ लागलं. शेवटी मी म्हटलं, "अहो, मॉनिटर जोडून बघा ना, स्क्रीनवर काय लिहून येतंय ते."

"मॅडम, मॉनिटर दुसऱ्या मजल्यावर गेलाय."

आणखी एक आठवडा तो मॉनिटर दुसऱ्या मजल्यावरच राहिला. मग मी कॉलेजात रजा टाकली आणि सकाळची पहिली बस धरली. वारासिवनी, तुमसर करत नागपुरात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

दारावरच्या गार्डनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि मान हलवली. "यहाँ तो सर का नाम है."

टाय लावलेला मॅनेजर बाहेर आला. मी ओळखपत्र दाखवलं, आडनाव तेच आहे हे दाखवलं, मशीनमध्ये कुठला पार्ट कुठे आहे ते सांगितलं. तो ऐकून घेत होता, अगदी नम्रपणे. नम्र माणसाशी भांडणं किती कठीण असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"सर आले तर लगेच आत सोडू, मॅडम. किंवा सरांशी बोलणं करून द्या."

यांच्या बैहरच्या कचेरीचा फोन पावसाळ्यापासून मेलेला होता आणि तिकडे मोबाइलला रेंज नव्हती. मी चिडून त्यांच्याच रिसेप्शनवरून घरी फोन लावला, निदान निरोप तरी जाईल म्हणून. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या मानसाले दे फोन."

मॅनेजरनं रिसीव्हर कानाला लावला आणि लगेच थोडा लांब धरला. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"पोरीले काहून उभं करून ठेवलं?"

"आई, तुमच्या मुलानं परवानगी दिली तर..."

"त्याले घरचा फ्यूज बसवता येत नाई, तो काय परवानगी देते? मशीन तिनं बनवलं, माह्या डोयासमोर. जाऊ द्या तिले अंदर."

"आई, नियम आहे."

"मंग नियम बनवला त्याले द्या फोन!"

मॅनेजरनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्याचे कान लाल झाले होते. आत सोडलं नाही, पण तोड निघाली. मी काचेच्या भिंतीबाहेर उभं राहायचं आणि आतल्या टेक्निशियनला सांगायचं.

माझं मशीन सगळ्यात खाली होतं, आडवं झोपवलेलं. मॉनिटर एकदाचा खाली आला. टेक्निशियननं वाकून वाचलं आणि काचेपलीकडून ओरडला, "मॅडम, कीबोर्ड सापडत नाही म्हणतंय. पुढे जायला एफ-वन दाबा!"

"मग दाबा!"

"कीबोर्ड कुठाय? दाबू कशावर?"

"आणा एक कुठून तरी!"

त्यानं रिसेप्शनवरच्या मुलीच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड उपटून नेला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिचं ताट ओढलं. एक बटन दाबलं आणि साइट सुरू झाली. एक बटन! त्यासाठी इतके दिवस फोन आणि अर्ध्या दिवसाची बस.

दोष आतल्या छोट्या बटन सेलचा होता. तो संपला होता, म्हणून वीज तुटताच मशीन कीबोर्ड नसतानाही सुरू होण्याचं माझं सेटिंग विसरलं आणि कीबोर्डवाचून पुढे जाईना. "पण वीज तुटली कशी?" मी मॅनेजरला विचारलं.

"त्या दिवशी पॉवरचं मेंटेनन्स होतं," तो म्हणाला, अगदी नम्रपणे.

मी सीताबर्डीवर जाऊन घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. तो बसवण्याचं सगळं पुन्हा काचेबाहेरून ओरडून सांगितलं, आणि परतीच्या बसमध्ये भंडाऱ्यापर्यंत मनातल्या मनात त्या टायवाल्याशी भांडत राहिले.

रजिस्टरमधलं नाव बदलायला यांनी सही करून अर्ज पाठवला. तिकडून उत्तर आलं, सरांनी स्वतः यावं. हे पुन्हा रजा काढून आले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मशीन हिचं हाय," आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. बाहेर मे महिना रणरणत होता आणि आत स्वेटर लागेल इतकी थंडी, पंख्यांचा एकसारखा आवाज. मी जमिनीवर बसले, मशीन उभं केलं, वायर नीट लावली, त्यावरची धूळ ओढणीनं पुसली. माझं काम तसं झालं होतं. थोड्या वेळानं गार्ड दारातून डोकावला.

"मॅडम, हो गया?"

"नहीं," मी म्हटलं, आणि बसून राहिले.