कात्रीचं बोट आणि कोरियाचा चटका

मार्च लागला आणि माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी उठायला तयार होईना. बाकीची चार सरळ व्हायची, हे मुठीत झोपलेलं. डाव्या हातानं ओढलं की टकदिशी आवाज करून उघडायचं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आणायचं.

खामगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज शिवणाऱ्या गावात पुष्कळ आहेत, पण कापावा मीच, असं मी स्वतःच सांगत फिरते. मशीनवर सून बसते. कात्री मात्र तीस वर्षं माझ्याच हातात. तिच्या मुठीला मी माझ्या मापानं चिंधी गुंडाळून पक्की शिवून टाकली होती. आमच्यात कात्री हातोहात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. मी तर ती टेबलावरसुद्धा ठेवत नसे, खिळ्याला अडकवायची. सुनेनं एकदा धागा तोडायला घेतली तर दोन दिवस माझं तोंड फुगलेलं होतं.

समोर चौदा एप्रिल होता. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या विहारातल्या बायका पांढऱ्या साड्यांवर निळे ब्लाउज घालतात, आणि ते सगळे मी कापते. यंदा बोटानं दगा दिला तर कात्री सुनेकडे जाणार, आणि एकदा गेलेली कात्री परत येते की नाही कोणास ठाऊक. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही.

डॉक्टर म्हणाले, ट्रिगर फिंगर. बोटाची दोरी ज्या नळीतून सरकते ती नळी सुजली आहे. मला लगेच कळलं. नेफ्यात नाडीची गाठ अडकते, तसंच. हाताला आराम द्या, नाहीतर इंजेक्शन घेऊ, म्हणाले. मी "पाहू" म्हणून घरी आले. माझ्या तोंडी पाहू म्हणजे नाही.

त्याच आठवड्यात माझी भाची नांदुऱ्याला माहेरी आली. ती कोरियात प्रयोगशाळेत संशोधन करते. तिनं तिथल्या बुद्धविहारांचे फोटो पाठवल्यापासून त्या देशाबद्दल आमच्या घरात फार चांगलं मत आहे. मला भेटायला खामगावला आली, तेव्हा माझं बोट पाहून ती म्हणाली, "मावशी, माह्या अंगठ्याचं हेच झालं होतं. तिथल्या जुन्या पद्धतीच्या डॉक्टरनं बरं केलं."

"वैदू होता का?"

"नाही वं. चांगला शिकलेला डॉक्टर. नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग विचारलं, दिवसभर हातात काय धरते? मग सुया टोचल्या, शेक दिला आणि तीन आठवडे अंगठ्याले काम करू दिलं नाही. तू काय धरतेस ते दाखव मले."

"कात्री धरते. त्यात दाखवायचं काय, ती काय नवरी आहे?"

सुया टोचायला तिनं साफ नकार दिला, ते डॉक्टरचं काम म्हणे. तीस वर्षं सुया टोचून घेतेच आहे, त्यानं काही झालं नाही, मी म्हटलं. शेक मात्र ती बॅगेत घेऊन आली होती. चिकटपट्टीवर बसवलेली बोटाच्या पेराएवढी कागदी नळी, आत वाळल्या पाल्याचा कापूस. त्याला तिकडे त्तुम म्हणतात. कापसाच्या गावाला ही पोरगी पाल्याचा कापूस दाखवून राहिली होती. तिनं ती नळी काडीनं पेटवली आणि माझ्या तळहातावर, बोटाच्या बुडाशी चिकटवली. धूर निघाला, ऊब आत उतरली आणि मला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात तिनं ती काढूनही टाकली.

"गरम लागलं की लगेच काढजो," तिनं चारदा बजावलं. "आणि हाताले आराम देजो." पाकीट माझ्याजवळ ठेवून ती परत गेली. आरामाचं मी ऐकलं नाही. ऐकू आलं नाही असं नाही, ऐकलं नाही.

आता माझ्या शहाणपणाचं सांगते. माझ्या लहानपणी गावात कुणाचा गुडघा धरला की तापल्या विळ्यानं डाग द्यायचे, आणि ओरडेल त्याला गुण येत नाही म्हणायचे. माझा बाप हू की चू न करता दोन डाग घेऊन उठला होता, आणि मी त्याची लेक. भाचीनं दिलेली ऊब मला अगदीच मिळमिळीत वाटली. चौथ्या दिवशी दुपारी मी एकदम तीन नळ्या लावल्या आणि दात आवळून शेवटपर्यंत बसले. ओरडले नाही. फोड मात्र आवळ्याएवढा आला.

डॉक्टरांनी पट्टी बांधत विचारलं, "हे कुणी केलं?"

"मीच."

"मग आता दोन आठवडे या हातानं काही धरायचं नाही."

अशा रीतीनं उपचाराचा तिसरा भाग, म्हणजे आराम, आपोआप सुरू झाला आणि सुनेनं कात्री खिळ्यावरून काढली.

मी पट्टीचा हात मांडीवर ठेवून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी मी तोंडाचा पट्टा सोडला होता. काखेत ढील ठेव, गळा असा नको, खडू हलका मार. ती "हो आई" म्हणायची आणि कापत राहायची. चौथ्या दिवशी बोलायला काही सापडेना, ते जास्त लागलं. महिला मंडळाच्या अध्यक्षीण बाईंनी ब्लाउज घालून पाहिला आणि म्हणाल्या, "दरवर्षीसारखाच बसला बाई." कुणी कापला ते सुनेनं सांगितलं नाही. मीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला जळफळाट.

पट्टी सुटली त्या सकाळी बोट आपोआप सरळ झालं. मी दहादा मूठ मिटली, दहादा उघडली. भाचीला फोनवर दाखवलं, तर म्हणते, "त्तुमनं की आरामानं?" "चटक्यानं," मी म्हटलं.

थोडे ब्लाउज कापायचे उरले होते. मी तडक कात्री काढली, बोटं घातली, आणि ती हातात ढिली पडली. माझी चिंधी गेली होती. तिथं जयंतीच्या निळ्या कापडाची पातळ पट्टी होती, सुनेच्या बोटांच्या मापाची, बारीक टाक्यांची.

"चिंधी काऊन काढली?"

ती मशीनवरून उठली. "आई, त्या चिंधीची गाठ बरोबर मधल्या बोटाच्या बुडाशी रुते. मलेही दोन दिवसांत तिथंच दुखाले लागलं, म्हणून उसवली. जुनी ठेवली आहे, पाहिजे तर लावून देतो."

तिनं डब्यातून ती काढून दिली. हरभऱ्याएवढी टणक गाठ होती, माझ्याच टाक्यांची. हातात काय धरतेस, दाखव, असं भाचीनं मला विचारलं होतं आणि मी नवरीचा विनोद केला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

आमच्यात कात्री हातोहात देत नाहीत. मी ती टेबलावर, सुनेच्या बाजूला ठेवली. तिनं ती उचलली. मी मशीनवर जाऊन बसले आणि तिनं कापलेला ब्लाउज शिवायला घेतला.