मास्तरांच्या टाळ्या

मास्तर बाकावर बसत, हे आपलं म्हणायचं म्हणून. सामना सुरू झाला की ते कडेला जेमतेम टेकलेले, मान पुढे, दोन्ही तळवे सज्ज. विंगेतला प्रॉम्प्टर जसा नटाच्या आधी ओठ हलवतो, तसे मास्तर मुलींच्या आधी खेळत. एक टाळी, चेंडू उजवीकडे. दोन टाळ्या, डावीकडे. लागोपाठ तीन, म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी, लंबू, बास्केटखाली मोकळी आहे, तिला आत पास द्या. ही भाषा त्यांनी स्वतः घडवली होती आणि क्लबच्या मुलींकडून घोटून घेतली होती. दिवसभर पाणीखात्याचे मीटर तपासायचे आणि संध्याकाळी हॉलमध्ये टाळ्या, असं त्यांचं आयुष्य. त्या टाळ्यांवर संघाने एके काळी करंडकही आणले. काय दिवस होते ते! हॉल दणाणून जायचा.

यंदा मात्र ग्रह फिरले. हरले, पुन्हा हरले, आणि मग हरायची सवयच लागली. क्लबचे अध्यक्ष म्हणजे मास्तरांचे बालमित्र. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "शेवटचा सामना तेवढा जिंकून दे बाबा. नाहीतर पुढच्या हंगामाला दुसरा कोच बघावा लागेल. कमिटी माझं ऐकत नाही."

मास्तरांना एकच प्रश्न पडला. हा हॉल गेला तर संध्याकाळी जायचं कुठे?

आणि शेवटचा सामना कुणाशी? पलीकडच्या क्लबाशी. त्यांची कोच होती मास्तरांची सख्खी मुलगी. लहानपणी ती याच हॉलच्या कोपऱ्यात बसून गृहपाठ करायची. बाराखडीच्या आधी तिला टाळ्या पाठ झाल्या होत्या.

सामन्याच्या सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आई, बाबांना सांग, टाळ्या बदला म्हणावं."

"तुझं तू सांग. मला तुमच्या भांडणात पंच करू नका."

"बाबा, मला सगळ्या टाळ्या कळतात. आधीच सांगून ठेवते. मागाहून घरचा भेदी म्हणायचं नाही."

मास्तरांनी कपात बघत फुंकर मारली. "कळणं वेगळं आणि अडवणं वेगळं. खेळा तुम्ही."

बोलायला बोलले, पण त्यांनाही ठाऊक होतं की एका दिवसात भाषा बदलत नसते.

पहिल्या अर्ध्यातच तमाशा झाला. मास्तरांनी दोन टाळ्या दिल्या की समोर त्यांची मुलगी एक बोट हलवायची आणि तिचा संघ आधीच डावीकडे हजर. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, त्यांनापण तुम्हीच शिकवता काय?" हॉल खदखदून हसला. मास्तरांची बायको दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर बसली होती. ती तेवढी हसली नाही.

हाफटाइमला कॅप्टन त्यांच्यापुढे उभी राहिली. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

"मास्तर, टाळ्या नका वाजवू."

"बरं. मग कसं खेळाल?"

चिमणीने लंबूकडे पाहिलं. लंबूने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आजवर असा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आपण काय करून ठेवलंय, हे मास्तरांना तेव्हा दिसलं. टाळी द्यावी तर समोरच्यांना कळते, न द्यावी तर आपल्यांना काही सुचत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबले.

संवाद विसरलेल्या नटांसारख्या पाचही मुली उभ्या. चेंडू हातात, नजर बाकाकडे. प्रॉम्प्टर गायब! समोरच्यांनी धडाधड बास्केट केले. बोटं मांडीखाली वळवळत होती. आपल्याच देहाखाली आपणच कैद झालो, असं त्यांना वाटलं.

आणि मग चिमणी किंचाळली, "लंबे, त्यांच्याकडे काय बघतेस? पळ की! मी देते!"

लंबू पळाली. पास चुकला. दुसरा पोचला. मग एकमेकींना शिव्या देत, "मला दे गं", "आंधळी आहेस का" असं ओरडत त्या खेळू लागल्या. खेळ ओबडधोबड होता, मास्तरांच्या शिस्तीला साफ न शोभणारा, पण गुण चढत गेले. मास्तरांच्या मुलीने बोट उचललं तरी आता ते हलवायचं कुठे, हे तिला समजेना. शेवटाला एकाच गुणाची पिछाडी राहिली. चेंडू चिमणीकडे होता. तिने बाकाकडे पाहिलंही नाही. ती उजवीकडून स्वतःच घुसणार होती.

मास्तरांना लंबू मोकळी दिसली. हात कधी सुटले ते त्यांनाही कळलं नाही. तीन टाळ्या.

चिमणीचं मन नको म्हणत असेल, पण हातांनी जन्मभराची आज्ञा पाळली. चेंडू आत गेला. तिथे मास्तरांच्या मुलीची खेळाडू वाटच पाहत होती.

शिट्टी वाजली. हरले.

"का वाजवलीत?" चिमणी सगळ्यांदेखत म्हणाली. "आमचं चाललं होतं ना!" एवढं बोलून ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. बाकीच्या तिच्यामागून गेल्या आणि दार लागलं. मास्तरांशी या सुरात कुणी कधी बोललं नव्हतं.

अध्यक्ष घुटमळत आले. "ठरलं होतं रे आपलं..."

"ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "पोरींना वाऱ्यावर सोडू नका म्हणजे झालं."

मास्तरांची मुलगी पुढे आली, वाकली, पाया पडली आणि आपल्या संघाकडे परतली.

आतून भांडण ऐकू येत होतं. तो शेवटचा चेंडू कसा खेळायला हवा होता, यावरून पाचही जणी एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. मास्तर दारापाशी गेले आणि कान देऊन उभे राहिले.

"अहो, चला आता," बायको म्हणाली.

"थांब जरा. चुकीचं सांगतेय ती लंबू. तिथे आधी मागे यायला हवं."

"चुकू द्या."

"अगं, पण एवढंच सांगून येतो..."

"चुकू द्या हो त्यांना."

मास्तरांनी मान डोलावली. पण पाय दारापासून हलेनात, आणि दार ढकलायची हिंमतही होईना. बायकोने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून ती त्यांच्यासाठी थांबली.