थोरली कुठं हाय?

कौसाबाई बाळंतिणीच्या घरात शिरल्या की बाळाकडे बघत नसत. चपला दारात, हातातल्या बांगड्या काढून पदराच्या गाठीत, आणि पहिला प्रश्न, "थोरली कुठं हाय?" थोरला असेल तर थोरला. घरात पहिलंच मूल असेल तरच त्या सरळ पाळण्याकडे जात. राहुरीत आणि आसपासच्या वस्त्यांवर त्यांनी कित्येक वर्षं बाळं न्हाऊ घातली, बाळंतिणींची अंगं रगडली, पण हा क्रम कधी बदलला नाही.

माझी सून रोहिणी दुसऱ्यांदा बाळंत झाली तेव्हा थोरली ओवी सव्वादोन वर्षांची होती. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा महेश ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, साडेआठला घर सोडतो. माझं ब्लाउज शिवायचं दुकान दहाला उघडतं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी सगळं मांडून ठेवलं होतं. बंब पेटलेला, तेल कोमट, हळद आणि साय वाटीत, बाळ दुपट्यात गुंडाळून तयार. कौसाबाईंनी बाळ घ्यायला हातच पुढे केला नाही.

"थोरली कुठं हाय?"

ओवी घरातल्या शिलाई मशीनखाली जाऊन बसली होती. बाळ दवाखान्यातून आल्यापासून तिची तीच जागा होती. कौसाबाईंनी मशीनसमोर फतकल मारली आणि पिशवीतून लाकडी फणी काढली. "भाईर येऊ नगं बाई तू. नुसतं डोस्कं दे हिकडं." ओवीने थोडा विचार केला आणि खरंच नुसतं डोकं बाहेर काढलं. मग तेल, मग फणी, मग दोन बोटभर वेण्या. त्यात पंधरा मिनिटं गेली. मी दोनदा भिंतीकडे पाहिलं. कौसाबाई मान वर न करता म्हणाल्या, "ताई, न्हाऊ कुनाला घालायचंय, लेकराला का घड्याळाला?"

आतल्या खोलीत रोहिणी हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसल्याचं मला ऐकू आलं.

कौसाबाई साठीच्या पुढच्या होत्या. अंगाने काटक, तळहात मात्र रुंद आणि मऊ. पाटावर बसून पाय लांब करायच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायच्या आणि बाळाला नडग्यांवर पालथं टाकायच्या. बोलणं सतत चालू. रोहिणीला म्हणायच्या, "कंबर ढिली सोड. तुला आता कुनी बघायला येनार न्हाई." मला म्हणायच्या, "लेकरावर वरडायचं न्हाई, त्याला काम सांगायचं." हे दुसरं मला पटायचं नाही. सव्वादोन वर्षांच्या पोरीला काय काम सांगणार? माझ्या अनुभवात त्या वयाची मुलं काम वाढवतात.

नवव्या दिवशी ओवी पाळण्याच्या दोरीला लोंबकळली. पाळणा कलंडला आणि बाळ दुपट्यासकट बाहेर आलं. खाली गादी अंथरलेली होती म्हणून निभावलं. बाळाला काही झालं नाही, पण रोहिणीने त्याला तासभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी मी तिसगावला तिच्या आईला फोन केला. ओवीला चार महिने घेऊन जा म्हटलं. त्या म्हणाल्या, शनिवारी जीप घेऊन येतो.

यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे दुसरं झालं की पहिलं आजोळी जातं. महेश दोन वर्षांचा असताना, त्याच्या बहिणीच्या वेळी, मी त्याला सहा महिने घोडेगावला माझ्या आईकडे ठेवला होता. महेशला विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." रोहिणी काहीच बोलली नाही. तिची हरकत नाही असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंना कळलं. त्या बाळाच्या पाठीला तेल लावत होत्या. हात थांबला नाही, आवाजही चढला नाही. पिठलं कसं करायचं हे सांगावं तशा सुरात त्यांनी सांगितलं.

"माजी मंगल दोन वर्साची हुती. धाकला पोटाशी, म्हैन्याचा. दिवाळी झाली की आमची टोळी ऊस तोडाया निघायची. माजी आय म्हनली, दोन दोन लेकरं फडात कशी संबाळशील, थोरलीला ठिव हितं. ठिवली. सहा म्हैन्यांनी आले, तर पोरगी आयच्या मागं लपली. इचारती, ही कोन बाई? आय म्हनली, ही तुजी आय. पर पोरीनं पदर काय सोडला न्हाई. फुडल्या साली बी तसंच."

"पण नंतर झालं ना सगळं नीट?" मी विचारलं.

"झालं की. आता तिला नातवंडं व्हायची येळ आली. लई जीव लावती. पर आय न्हाई म्हनत. माज्या माहेरी समदी कौसाबाई म्हनायची, ती बी तेच म्हनती. फोन करती, कौसाबाई, गोळी घेतली का? राग न्हाई तिच्या मनात. सवय पडली."

मी म्हटलं, "कौसाबाई, तुमचं पोटासाठी होतं. इथे चार महिन्यांचा प्रश्न आहे."

"व्हय. माजं पोटासाटी हुतं. तुमचं कशासाटी हाय?"

मी चिडले. आंघोळ घालायला आलेल्या बाईने घरच्या गोष्टीत बोलू नये असं मला वाटलं, आणि मी ते तोंडावर म्हणाले. त्यांना काही राग आला नाही. "बरं," म्हणाल्या, "पानी द्या."

मी पाणी दिलं. त्यांनी कोपर बुडवून पाहिलं, थोडं थंड ओतलं आणि ओवीला हाक मारली. फडताळातला देवाचा छोटा तांब्या तिच्या हातात दिला. "तोंड माजं, पाय तुजं. पायावर वत." ओवीने तांब्या भरला आणि थेट बाळाच्या तोंडावर रिकामा केला. बाळाचा श्वास अडकला, मी धावले. कौसाबाईंनी बाळाला पालथं करून पाठीवर दोन थापा दिल्या. ते कळवळून रडलं आणि मोकळं झालं.

"बस झालं," मी म्हटलं. "हे असले खेळ नकोत."

"ताई, माज्या हातनं बी तोंडावर ग्येलंय कैकदा. तवा तुमी नव्हत्या म्हनून कळलं न्हाई." मग ओवीला, "काय सांगितलं? पाय कुनाचं?"

"माझे," ओवी म्हणाली.

"मंग वत."

त्या खेपेला पाणी पायावर पडलं. पुढचे तीन दिवस रोज तांब्या ओवीच्याच हातात होता. मी तिथे उभी राहून पाहत होते, दुकान उघडायला रोज उशीर होत होता, आणि माझा निर्णय बदललेला नव्हता. चार तांबे पाणी ओतलं म्हणून पोरगी पाळण्याला लोंबकळायची थांबते असं थोडंच आहे? आणि मी दुकानात असताना बघणार कोण?

शनिवारी सकाळी विहीणबाई आल्या, जीप ओवीचा मामा चालवत होता. ओवीची पिशवी मी आदल्या दिवशीच भरली होती. ओवीला तर जीपची हौस. ती स्वतःहून मामाच्या मांडीवर जाऊन बसली आणि हॉर्न वाजवू लागली. मला बरं वाटलं. रडारड नाही, काही नाही. मी पिशवी जीपमध्ये ठेवायला निघाले तेव्हा न्हाणीतून रोहिणी आली. ओले केस, अंगाला तेल, कमरेला घट्ट बांधलेलं फडकं. पाच वर्षांत तिने मला उलट उत्तर दिलेलं नव्हतं.

"आई, ओवी जाणार नाही."

"अगं, ती तर खुशीत बसलीय," तिची आई म्हणाली.

"ती खुशीत जाईल. येताना कोण असेल मला माहीत नाही."

मला तिचा राग आला नाही, पण प्रश्न होता तो होताच, आणि तो मी विचारला. "दहा ते दोन मी दुकानात. तू धाकटीला पाजशील का थोरलीच्या मागे पळशील? त्या दिवसासारखी ती परत पाळण्याला लोंबकळली तर?"

न्हाणीच्या दारात कौसाबाई बाळाला पुसत उभ्या होत्या.

"मी थांबते की दोन वाजस्तवर. थोरली माज्याकडं."

"तुमची पुढची घरं?"

"त्ये मी बघते."

मी पिशवी परत घरात आणली. विहीणबाई जरा नाराजीनेच जेवल्या आणि गेल्या. जीप निघाली तेव्हा ओवी मात्र मोठ्याने रडली, मामाच्या मांडीवरून उतरावं लागलं म्हणून.

ओवी त्या दिवसापासून शहाणी झाली असं काही नाही. पुढच्या तीन आठवड्यांत तिने बाळाला दोनदा चावलं आणि एकदा पावडरचा अख्खा डबा त्याच्या अंगावर रिकामा केला. पण चावली की कौसाबाई तिला धाकटीचा पाय हातात धरायला देत, "बग, दात उमटलं. फुंकर घाल." ती फुंकर घालायची. दुपारी मी दुकानातून आले की दोघी ओसरीवर बसलेल्या असत. ओवी लसूण सोलायची म्हणजे चुरगाळायची, आणि कौसाबाई तिचा चुरगाळलेला लसूण बाजूला ठेवून मला म्हणत, "तुमच्या नातीचं काम हाय, भाजीत टाका." मी टाकायची, सालांसकट.

सव्वा महिना झाला. त्यांच्यासाठी मी साडी घेतली होती आणि ब्लाउज माझ्या हाताने शिवला होता. बाह्या जरा सैल झाल्या, त्यांचे दंड मला वाटले त्यापेक्षा बारीक निघाले. त्यांनी तिथेच तो घालून पाहिला, म्हणाल्या, "वारं लागंल, बरं हाय." मग दृष्ट काढली, आधी ओवीची, नंतर बाळाची, आणि गेल्या.

पुढे काही वर्षांनी, मागच्या थंडीत कौसाबाई वारल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेल्या. मी दहाव्याला जाऊन आले.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानात बाजारपेठेतल्या एक बाई आल्या. त्यांच्या घरी दुकानं आहेत, माणसं आहेत, आणि मोठ्या मुलाच्या वेळेपासून कौसाबाई त्यांच्याकडे जायच्या. बोलता बोलता विषय निघाला. त्या म्हणाल्या, "माझी मोठी सून बाळंत झाली तेव्हा त्यांनी आमचं घर मधेच सोडलं हो. आठ दिवस आल्या आणि एक दिवस सकाळी सांगितलं, उद्यापासून जमणार नाही, एका ठिकाणी थोरली हाय. किती विनवलं, ऐकलं नाही. पुढे धाकट्या सुनेच्या वेळी आम्ही मुद्दाम दुसरी बाई लावली. मला त्या एवढ्या मोठ्या घराला नाही म्हणतील असं वाटलं नव्हतं. कोणाची थोरली होती देव जाणे."

"आमची," मी म्हटलं.

मला त्यांना काही समजावून सांगता आलं असतं, पण तेवढ्यात शाळा सुटून ओवी दुकानात आली. मागून धाकट्या जुईला चालवत, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. मी गळ्यातली टेप काढली आणि बाईंना हात वर करायला सांगितलं.