माळावरची महानंदा

महानंदाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरी, कारण तोवर ती मला मागे टाकून गेली होती. बाळे भागातल्या आमच्या कॉलनीबाहेर मी रोज पहाटे नवे बूट, नवी टोपी असा सगळा सरंजाम करून धावायची. त्या दिवशी शेजारून एक बाई सुसाट गेली. साडीचा काठ वर खोचलेला, खांद्याला डब्याची पिशवी, चपला हातात. तिला चिंचोळी एमआयडीसीकडे जाणारी कंपनीची बस गाठायची होती. धावता धावताच वळून ती मला म्हणाली, "तोंड मिटा की बाई, नाकानं घ्या वारं!" मी शाळेत गणित शिकवते. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी तोंड उघडं ठेवूनच घरापर्यंत धावले.

मी धावायला लागले ते लेकीसाठी. मुक्ताला पोलिसात जायचं होतं. लेखी परीक्षेत ती हुशार, पण आठशे मीटर धावण्यात अडायची. एका भरतीत थोडक्या गुणांनी तिची संधी हुकली आणि ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हाच मी ठरवलं, हिला मीच पळवणार. कॉलनीच्या डांबरी रस्त्यावर स्कूटरच्या काट्याने अंतर मोजलं, खडूने खुणा केल्या, स्टॉपवॉच विकत आणलं. मुक्ता फेऱ्या मारायची आणि मी सेकंद ओरडायची. तिच्या नडग्या दुखू लागल्या, पण वेळ काही तीन मिनिटांच्या खाली येईना.

बसची वाट बघत महानंदा हा प्रकार तीन दिवस बघत होती. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. "डांबरावर ढोरं बी पळवत न्हाईत, बाई. पोरीचं पाय मोडून ठिवताय. मागं माळ कशाला हाय मग?"

तो माळ आमच्या घराला लागूनच. बारा वर्षांत मी तिकडे गेले असेन ती कचऱ्याची गाडी चुकली की पिशवी टाकायला. महानंदाने आठवड्याभरात त्याच माळात चार वाटा काढून दाखवल्या. पाऊस झाला की काळ्या रानातली वाट सोडायची आणि मुरमाच्या चढाने जायचं. उन्हाळ्यात कोरड्या पाटाच्या कडेने, कारण तिथे कडुलिंबांची रांग आहे. गवताला कुसळं धरली की बाभळींच्या अंगाने. आणि दम चांगला बसला की शेवटची वाट, थेट तलावाचं पाणी दिसेपर्यंत. तिचं माहेर सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं. लहानपण मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. अंतर विचारलं तर सांगायची, "दोन बाभळी आन् एक चढ."

"मीटरमध्ये किती?" मी विचारायची.

"ते तुमी मोजा की. गणिताच्या बाई तुमी हाय."

बसच्या आधी तासभर ती मुक्तासाठी यायला लागली. धावताना ती कधीच मुक्ताच्या पुढे जायची नाही. चार पावलं मागे राहून हळू आवाजात बोलत असायची. मी एकदा विचारलं, तुम्हाला पुढे जाता येत असताना मागे का राहता? म्हणाली, "म्होरं पळून दाखवणारं लई असत्यात. आपल्या मागं कुणीतरी हाय, एवढं कळलं की लेकरू पळतंय." मला ते पटलं आणि त्याचाच राग आला. मी तर मुक्ताच्या समोर घड्याळ धरून उभी असायची.

तिथून माझं बिनसलं. माळावरून मुक्ताच्या हसण्याचा आवाज यायचा. घरात ही मुलगी मोबाइलमधून मान वर काढत नव्हती, आणि पहाटे पाच वाजता धापा टाकत हिला हसू कशाचं येत होतं? माझी भाकरी अर्धी टाकून उठणारी मुक्ता महानंदाच्या डब्यातली कडक भाकरी शेंगाचटणीशी उभ्या उभ्या खायची. वर मला सांगायची, "आई, लई भारी लागते." लई! प्रमाण भाषेत वाढवलेली माझी मुलगी. एक दिवस तिची वेळ दोन मिनिटं बावन्न सेकंद आली. दोघी माझ्याकडे आनंदाने बघत होत्या. मी घरी जाऊन घड्याळाची बॅटरी बदलली.

महानंदाला यातलं काही कळत नव्हतं असं मी समजत होते. उलट ती माझ्याशी गोड बोलायची, माझ्या जुन्या पाठदुखीची चौकशी करायची. ती वाईट वागली असती तर माझं काम किती सोपं झालं असतं!

भरतीला दोन महिने उरले होते. एका संध्याकाळी मुक्ता सहज म्हणाली, "आई, उद्यापासून तू झोप. मावशी आहे ना." तिने ते माझ्या काळजीपोटी म्हटलं होतं. मला मात्र कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखं झालं.

सकाळी पळणं आटोपल्यावर मी एकटीच बसथांब्यावर गेले आणि महानंदाला सांगितलं, "मुक्ताला भरतीच्या अकादमीत घातलंय. तुम्ही आता येऊ नका." ती म्हणाली, "बरं झालं की, बाई. तितं चांगलं शिकवत्यात." घरी येऊन मुक्ताला सांगितलं, "मावशीला रोज जमत नाही म्हणे. तीच नको म्हणाली." दोन्ही वाक्यं मी वर्गात सूत्र सांगावं तशी स्वच्छ आवाजात सांगितली.

आठवड्याने भाजीबाजारात तिघी समोरासमोर आलो. मुक्ताने तिचा हातच धरला. "मावशी, माझं काही चुकलं का? तू मला नको का म्हणालीस?"

महानंदाने माझ्याकडे पाहिलं. मी वांगी निवडत होते. तीच चार वांगी पुन्हा पुन्हा. आता सगळं उघडं पडणार, असं वाटलं.

"व्हय गं पोरी," ती म्हणाली. "मीच म्हणले. कंपनीतली पाळी बदलली, जमंना झालं."

मुक्ताने हात सोडला. पुढच्याच महिन्यात महानंदाची सासू अंथरुणाला खिळली आणि ती नोकरी सोडून करमाळ्याजवळच्या वाडीला निघून गेली. मी मुक्ताला त्याच माळावर नेलं, त्याच वाटांनी पळवलं. मागे चार पावलं राहूनसुद्धा पाहिलं. मला दम पुरला नाही. मुक्ता निवडली गेली. कॉलनीने केलेल्या सत्कारात ती म्हणाली, "हे सगळं आईमुळे. आधी एक मावशी होती, पण तिने मधेच सोडून दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली आणि हसले.

मुक्ता आता पुण्याकडे नोकरीला आहे. यंदा तिचं लग्न ठरलं. आमंत्रणाची यादी करताना मी महानंदाचं नाव सुचवलं. मुक्ता म्हणाली, "तिला कशाला? मला वाऱ्यावर सोडलं होतं तिने." ते ऐकून मला तीन-चार दिवस धड झोप लागली नाही. शेवटी पत्रिका घेऊन मी एकटीच वाडीवर गेले.

महानंदा शेळ्यांना पाला टाकत होती. अंगावर अजून मूठभर चरबी नाही, माझ्या मनात आधी हेच आलं. चहा झाल्यावर मी म्हणाले, "मी मुक्ताला सगळं खरं सांगणार आहे."

"कशाला?" ती म्हणाली. "लेकीचं लगीन हाय. माझ्यावर तिचा राग हाय, असू दे की. मला चालतोय. तुमाला चालायचा न्हाय, बाई."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी परतवला असता. तिने मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, आणि तरी माझी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली होती. तिच्या मनाचा तो मोठेपणा बघून मला पुन्हा तिचा हेवा वाटला. एवढं चांगलं असायचं तरी कशाला माणसाने!

परतीच्या एसटीत मुक्ताचा फोन आला. "आई, कुठे आहेस? गाडीचा आवाज येतोय."

"करमाळ्याहून निघालेय."

"कमलाभवानीच्या दर्शनाला गेली होतीस?"

खोटं तयार होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. "नाही," मी म्हणाले. "महानंदामावशीकडे."

मग तिने विचारलं, "कशी आहे गं ती?"

एवढ्या हळव्या आवाजात मुक्ताने कधी माझी चौकशी केल्याचं मला आठवत नाही. तीन वर्षं रागावून बसली होती आणि आवाज असा! 'बरी आहे' म्हणावं आणि फोन ठेवावा, असं वाटलं. पण त्या बाईकडून आणखी काही उसनं घेणं माझ्या जिवावर आलं होतं.

"मुक्ता," मी म्हणाले, "मावशीने तुला सोडलं नव्हतं. मीच तिला येऊ नका म्हणाले, आणि तुझ्याशी खोटं बोलले."

कंडक्टर तिकीट विचारून पुढे गेला. फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून काढणार, तेवढ्यात मुक्ता म्हणाली, "तिचा पत्ता पाठव."

मी पाठवला.