मी तं इकडे पहिल्यांदाच आली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला माहीत आहे, पण अर्धंच. आणि गावोगाव फिरून ज्या बायकांना मी ‘काही लपवू नका’ म्हणत असते, त्यांना तर नाहीच नाही. सांगायचं नाही अशी मला अटच घातली होती— कुणी, ते पुढे येईल. मला जरा फिरून फिरून यावं लागणार आहे. चालेल ना?

मी गडचांदूरला शाळेत विज्ञान शिकवते. मला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, परत आले तेव्हा कुरळे आले. वाचले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी धानोऱ्याकडच्या खेड्यांत जाते. तिथल्या आशाताई बायका गोळा करतात, आणि मी सांगते— पोट फुगतंय, दोन घासांत भरल्यासारखं वाटतंय, ओटीपोट दुखतंय, तर अंगावर काढू नका. मग मी माझी स्वतःची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत एक वाक्य आहे: ‘पोट फुगलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले.’ इथे मी थोडी थांबते. बायका एकमेकींकडे बघतात. एखादी म्हणते, शिकेल बाई हाय ना. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खोटं— बघा, तो शब्द आलाच.

दुसऱ्या दिवशी मी कुठेही गेले नव्हते. पोट फुगायला लागलं तेव्हा धानाची रोवणी चालली होती, आणि दवाखान्याची पायरी चढले तेव्हा घरोघरी दिवाळीचा फराळ तळला जात होता. मधले सगळे दिवस मी काय करत होते? भीत होते. माझी मावशी असंच पोट घेऊन नागपूरला गेली आणि अँब्युलन्समधून परत आली. ‘पोट फाडलं की बाई उरत नाही’ हे तिच्या मातीला जमलेल्या बायकांचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि वर्गात मी पोरांना पचनसंस्था शिकवत होते.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नाल्यात सोडले. आमच्या घरात ‘बाहेरचं लागलं’ असं कुणी म्हटलं तर ती शिवी समजायचे. माहेर धानोऱ्याचं. मी आईकडे गेले आणि हळूच विचारलं— जंगलात तो पुजारी आहे ना, पोटाचं बघतो तो, अजून आहे का? आई माझ्याकडे बघतच राहिली. “पागल झाली काय वो? पोराइले हेच शिकवते काय शाळेत? दवाखान्यात जाय सीधी.” मी हो म्हटलं. सकाळी चंद्रपूरला निघाले असं सांगून उलट्या दिशेच्या ऑटोत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण— ती म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

ऑटो जिथे थांबला तिथून पुढे पायवाट होती. एक बाई वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, टोपलीत भरत होती. तिला वाट विचारली. कुणाकडे जायचं, काऊन जायचं, तिने काही विचारलं नाही. माझ्या पोटाकडे बघितलं, टोपली डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागली. मला तिची पाठ दिसत होती आणि भेगाळलेल्या टाचा. भरदिवसा त्या जंगलात एक पाखरू बोलत नव्हतं. मागे चिखलात पावलं वाजत होती. मी थांबले की थांबायची, निघाले की निघायची. ती बाई तर पुढे होती. मग मागे कोण होतं?

पुजारी म्हातारा होता, हळू बोलायचा. त्याने सुपात तांदूळ पसरले, बोटाने बाजूला केले, मग एक अंडं माझ्या पोटावरून फिरवलं. कमरेला काळा धागा बांधला, त्यात एका मुळीची पुरचुंडी. म्हणाला, “हे मरत नाई. घर बदलवते. इथी आली होती हे कोणाले सांगशील, तं हे वापस तुह्याचकडं येईन.” मग त्याने ते अंडं दाराशी बसलेल्या, मला वाट दाखवणाऱ्या त्या बाईच्या हातात दिलं, मोहाच्या झाडाखाली पुरून ये म्हणून. तिने ते तळव्यावर तोललं. “जड झालं वो बाई,” ती म्हणाली. अंडं कधी जड होतं का? मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला माहीत आहे. पण तेव्हा मला आनंद झाला. माझ्यातलं काहीतरी त्यात गेलं म्हणून आनंद झाला.

काही दिवस पोट हलकं वाटलं. मी परत गेले, पुन्हा गेले. शेवटी धाप लागायला लागली, तेव्हा नवऱ्याने उचलून नागपूरला नेलं. धागा मी घरच्या न्हाणीघरातच कापला. गाठ पसरली होती, पोटात पाणी झालं होतं. डॉक्टर खूप रागावले. एवढा उशीर करूनही मी वाचले, हे नीट लक्षात ठेवा. पुढे तेच महत्त्वाचं आहे.

दोनेक वर्षांनी त्याच भागात एका गावात बैठक होती, शाळेच्या व्हरांड्यात. मी माझं ते वाक्य म्हटलं, थांबले. खांबाला टेकून एक बाई बसली होती. लुगड्याखाली पोट वर आलेलं, बाकी अंगावर हाडं. तिने विचारलं, “मॅडम, उशीर झाला असन तं मंग?”

आवाज ओळखला मी. तोच आवाज, ‘जड झालं वो बाई’ म्हणणारा. पदर सरकला तेव्हा कमरेचा काळा धागा दिसला, तीच पुरचुंडी. घर बदलवते— माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. माझंच हिच्याकडे गेलं. त्या क्षणी मी कॅन्सरमधून वाचलेली बाई नव्हते, शिक्षिका नव्हते, आजोबांची नात तर नव्हतेच. मी म्हटलं, “म्हणून तर सांगते, उशीर करायचा नाही.” बायकांनी माना डोलावल्या.

ती जीपपर्यंत मागे आली. नाव रेवताबाई, आशाताईंनी सांगितलं. ती माझे कुरळे केस बघत होती. “मॅडम, तुमाले मी कुठीतरी पाह्यलं. पुजाऱ्याच्या वाटेनं तुमच्यावानीच एक बाई आली होती. तिचंबी पोट असंच होतं. तुमीच हाय काय ते?” त्या विचारण्यात संशय नव्हता हो. आशा होती. ती बाई मीच असेन, तर उशीर करूनही जगता येतं असा त्याचा अर्थ होता. तिला एवढंच हवं होतं.

आणि मी म्हटलं, “नाई वो बाई. मी तं इकडे पहिल्यांदाच आली.”

तिच्या भाषेत म्हटलं, म्हणजे खरं वाटावं. जीपमध्ये बसताना वरून ‘जा बरं दवाखान्यात’ हेही म्हटलं.

ती गेली नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती वारली. आशाताई फोनवर म्हणाल्या, “किती समजावलं मॅडम. म्हणे, मॅडम दुसऱ्याच दिवशी गेल्या म्हणून वाचल्या, आता माहं जाऊन काय होते.” माझं वाक्य, जसंच्या तसं. मी म्हटलं, अरेरे. आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच वाक्य म्हटलं. एटापल्लीतही म्हटलं.

पोरांना मी सांगते की कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ते खरं आहे. तरी दर तपासणीला मशीनवाला ‘काही नाही’ म्हणाला की आधी सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच त्या मोहाच्या झाडाखालची माती आठवते. घरी येताना, अगदी गडचांदूरच्या सिमेंटच्या रस्त्यावरसुद्धा, मागे चिखलात पाऊल वाजतं. मी वळून बघत नाही.

तर अट मोडली. सांगून टाकलं. लिहिताना डावा हात पोटावरच होता, आत्ताही आहे. यायचं ते येऊ दे.

हो, रेवताबाई. मीच ती. तुमच्या मागून चालत आली होती.